वाचक विचारतात: या पक्ष्याला चोच आहे की नाही?

प्रश्न: नमस्कार, परवा कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला, भगव्या रंगाचा गोल डोक्याचा पक्षी, फांदीवर बसून वर-खाली होतोय आणि डुकरासारखा आवाज काढतोय. चोच दिसतच नाही. एडिट केलेला आहे का? खरा असेल तर नाव काय, आणि हे सगळं कशासाठी?

उत्तर: एडिट वगैरे काही नाही हो, खराच आहे. अँडियन कॉक-ऑफ-द-रॉक, पेरूचा राष्ट्रीय पक्षी, तिकडे त्याला तुंकी पण म्हणतात. व्हेनेझुएलापासून बोलिव्हियापर्यंत अँडीज पर्वताच्या उतारांवरची जी सतत ढगात बुडालेली ओली जंगलं आहेत ना, साधारण ५०० ते २४०० मीटर उंचीवरची, तिथे हा राहतो. लांबी ३० सेंमीच्या आसपास. चोच आहे, पण डोक्यावरचा पिसांचा तुरा चकतीसारखा पुढे येतो आणि चोच जवळजवळ झाकून टाकतो, बाजूने नीट बघितलं की पिसांच्या खालून टोक डोकावताना दिसेल. पंख आणि शेपटी काळी, पंखावर राखाडी पट्टा, बाकी सगळा भगवा नाहीतर लालभडक. कोलंबिया-इक्वेडोरच्या पश्चिम उतारावरचे जास्त लाल असतात.

आता नाच. तुम्ही बघितलेला एकटा नसणार, आजूबाजूला अजून नर असणारच, कॅमेऱ्यात आले नसतील एवढंच. ठरलेल्या जागी पहाटे पहाटे सगळे जमतात (अशा जागेला लेक म्हणतात), दोन-दोन समोरासमोर बसतात, वाकतात, पंख फडफडवतात, चोच कडाकड वाजवतात आणि ते तुम्ही ऐकलेलं डुरकणं-किंचाळणं चालू. मादी आली रे आली की गोंधळ दुप्पट. मादी तपकिरी, तुरा लहान, ती शांतपणे बघते, पसंत पडला तर ठीक, नाहीतर निघून जाते. दुपारनंतर, अंधार पडायच्या आधी परत तोच कार्यक्रम. बरं, एवढा आरडाओरडा केल्यावर ससाणे-गरुडांना पण पत्ता कळतोच, तेव्हा नुसती मजा नाहीये ती.

प्रश्न: मग घर-संसार कोण बघतं? नर नाचत बसतो तर?

उत्तर: मादीच, एकटी! मिलन झालं की नराचा संबंध संपला, तो परत फांदीवर. मादी ओढ्याकाठच्या ओलसर कड्यावर, वर खडक पुढे आलेला असेल अशा जागी चिखल, लाळ आणि वनस्पतींचे धागे वापरून वाटीसारखं घरटं चिकटवते, दोन अंडी घालते, साधारण चार आठवडे उबवते, पिल्लांना पण तीच भरवते. नावातला ‘रॉक’ या कड्यांमुळेच आलाय. आणि अशा ठिकाणी तिचा तो मळका तपकिरी रंगच कामाचा, भगवी असती तर घरटं लांबून कळलं असतं. नराला हे सगळं परवडतं कारण मुख्य खाणं फळं, जंगलात फळं लागली की पोट पटकन भरतं, मग उरलेला वेळ मोकळाच! पिसांचा भगवा रंगही खाण्यातल्या कॅरोटिनॉइड्समधूनच (गाजराला रंग देतात तसली रंगद्रव्यं) बनतो. माझं मत विचाराल तर त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही, फळं खाऊन बिया ठिकठिकाणी टाकायचं काम दोघंही करतात, लेकच्या खाली आणि घरट्याखाली बियांची गर्दी असते.

प्रश्न: जमिनीवर नाचणारा भगवा पक्षी पण बघितलाय, तो हाच का?

उत्तर: तो बहुतेक याचा भाऊबंद, गयाना कॉक-ऑफ-द-रॉक. सुरीनाम-गयानाकडचा. त्यात प्रत्येक नर जमिनीवरचा आपापला तुकडा पालापाचोळा उडवून साफ ठेवतो, अँडीजवाला मात्र फांदीवरच. तुमच्या व्हिडिओत फांदी असेल तर पहिला, मोकळी माती असेल तर दुसरा.