एआयच्या काळात फॅन आर्ट नेटवर टाकावं का?

जालन्यात राहून तू ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या, पात्रांची चित्रं (फॅन आर्ट) काढतेस, आणि एआय ती गिळेल या भीतीनं टाकावीत की नाही असं विचारतेस. टाक. पण लहान आकारात, आणि सही मधोमध कर. कोपऱ्यातली सही कुणीही कापून टाकतं.

भीती खोटी नाही. २०२२ मध्ये आलेलं स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं एआय नेटवरच्या अब्जावधी चित्रांवर शिकलं, चित्रकारांना न विचारता. मार्च २०२५ मध्ये तर चॅटजीपीटीनं जो तो आपला फोटो जिब्ली या जपानी ॲनिमे स्टुडिओच्या शैलीत करून घेत होता. यावर उपाय म्हणून शिकागो विद्यापीठाचं ‘ग्लेझ’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. ते चित्रात डोळ्यांना जेमतेम जाणवतील असे फेरफार करतं, त्यामुळे एआयला तुझी शैली उचलणं जड जातं. पक्कं कवच मात्र समजू नकोस.

कायद्याचा आधार तोकडाच. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा शैली राखत नाही. शिवाय पात्र मुळात दुसऱ्याचं, त्याचे स्टिकर विकणाऱ्या आपण फॅन आर्टवाल्यांनी ‘चोर, चोर’ ओरडताना जरा आवाज खालीच ठेवावा!

पैशाचं म्हणशील तर स्वस्तातली डीपीची कामं आधी जातील. फ्लेक्स आल्यावर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचं तेच झालं. म्हणून काढतानाचे व्हिडिओ टाक, आणि पात्रांना इथलं काही दे. पैठण तुला जवळच आहे. मागावर बसलेल्यांकडून बांगडी मोर नि आसावली ही पैठणीवरची नक्षी नीट बघून घे, मग एखाद्या नायिकेला पैठणी नेसव. तसली ऑर्डर देणारे भेटतील असं मला वाटतं.