केशाकर्षण आणि ‘चढणे’

प्रश्न असा आहे: ‘अवकाशस्थानकात शून्य गुरुत्वामुळे पाणी केशाकर्षणाने नळीत जास्त वर चढते’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि केशाकर्षण म्हणजे केसांचं आकर्षण का?

दुसरा भाग आधी. संस्कृतात केशाकर्षण म्हणजे केस धरून ओढणे; द्रौपदीच्या संदर्भात तो शब्द येतो. विज्ञानातला अर्थ मात्र ‘केसासारख्या बारीक नळीत दिसणारं आकर्षण’ असा, म्हणजे मधली पदं गाळलेला समास. काचेच्या नळीत पारा चढत नाही, उलट बाहेरच्या पातळीपेक्षा खाली राहतो. तरी त्यालाही केशाकर्षणच म्हणतात. म्हणजे ‘चढणे’ हा या शब्दाचा अर्थ नव्हेच.

आता ते वाक्य. काच पाण्याला कडेने ओढते, आणि वर आलेल्या पाण्याचं वजन त्या ओढीइतकं होईपर्यंत पाणी चढतं. 1 मिमी व्यासाच्या स्वच्छ काचनळीत ते साधारण 3 सेंमीवर थांबतं. चंद्रावर गुरुत्व सहापटीने कमी, म्हणून तीच नळी तिथे सुमारे 18 सेंमीपर्यंत भरेल. मंगळावर 8 सेंमीच्या आसपास. या दोन्ही ठिकाणी ‘चढते’ अगदी योग्य, कारण वजन आहे, वर-खाली आहे.

स्थानकात पाण्याला अडवणारं वजनच जाणवत नाही. नळी कशीही धरा, पाणी तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातं आणि तिथे काठावर थबकतं; आपोआप बाहेर सांडत नाही. ‘जास्त वर’ म्हणण्यासारखी उंचीच उरत नाही, उरते ती नळीची लांबी. 2008 मध्ये अंतराळवीर डॉन पेटिट यांनी तिथे प्लास्टिकचा पातळ तुकडा मुडपून कप केला होता. त्याची एक बाजू चिमटीसारखी निमुळती होती. त्या अरुंद कोपऱ्यातून कॉफी आपसूक ओठांपर्यंत यायची. या ‘येण्या’ला मी ‘चढणे’ म्हणणार नाही.

‘शून्य गुरुत्व’ही मला खटकतं. सुमारे 400 किमी उंचीवर पृथ्वीचं गुरुत्व जमिनीवरच्या जवळजवळ नऊ दशांश असतंच. स्थानक आणि आतलं सगळं एकत्र पडत राहतं, म्हणून वजन जाणवत नाही. तेव्हा वाक्य असं लिहावं: ‘अवकाशस्थानकात भारहीन अवस्थेमुळे केशाकर्षणाने पाणी नळीच्या टोकापर्यंत पसरते.’