टीडीएस ९० असला तरी कूलर उघडून पाहावा

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतील आपल्या टॉवेल कारखान्यात पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र बसवूनही कामगारांच्या पोटाच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत, आणि मीटरवर टीडीएस ९० दिसत असल्याने पाण्यात दोष नसावा, असे आपण लिहिले आहे. या निष्कर्षाशी मी सहमत नाही. तो मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतूंबद्दल तो काहीच सांगत नाही.

सोलापुरात उजनीचे पाणी रोज येत नाही. त्यामुळे ते हौदात आणि छतावरच्या टाकीत काही दिवस साठते, आणि कमी पडले की त्यातच बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते. साठवणीत क्लोरीन कमी होत जाते. उरलेले क्लोरीन यंत्रातील कार्बन फिल्टर काढून टाकतो, आणि ते आवश्यकही आहे, कारण क्लोरीनमुळे मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पातळ पडदा, खराब होते. म्हणजे आरओमधून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ असले, तरी पुढे त्याचे रक्षण करणारे काहीही त्यात राहिलेले नसते. असे पाणी झाकण नीट न बसणाऱ्या कूलरच्या टाकीत साचून राहिले की जंतू पुन्हा वाढतात. मी ज्या कारखान्यात देखभाल पाहत होतो, तेथे आम्ही दोनदा मेम्ब्रेन बदलली, पण कूलर कधी उघडला नाही. अखेर उघडला तेव्हा तळाशी बुळबुळीत थर होता आणि त्यात सुताचे तंतू अडकलेले होते. तेच पाणी आमची माणसे महिनोन्‌महिने पीत होती, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून नवे यंत्र घेण्याआधी छतावरची टाकी, आरओचा नळ आणि कूलरचा नळ यांचे वेगवेगळे नमुने प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटल्यांत घ्यावेत व त्याच दिवशी तपासणीला पोहोचवावेत. भारतीय मानक १०५००:२०१२ नुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू मुळीच आढळता कामा नये. आरओचा नमुना चांगला आणि कूलरचा दूषित निघाला, तर नव्या यंत्रावरचा खर्च वाया जाईल. अशा वेळी कूलरची टाकी रिकामी करून घासावी, ब्लीचिंग पावडरचे निवळलेले द्रावण नळांतूनही सोडावे आणि वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवावे. धुतल्याची तारीख कूलरवरच लिहावी, म्हणजे कामगारांनाही विचारता येईल.

जागाही पाहावी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १८ मध्ये पिण्याच्या पाण्याची जागा शौचालय, मुतारी आणि हातपाय धुण्याच्या जागेपासून सहा मीटरच्या आत नसावी, तसेच तेथे बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत पाटी असावी, असे म्हटले होते; २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. आपल्याकडे मराठीबरोबर तेलुगू पाटीही लावावी.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपुढे जातो आणि मागावरचा माणूस दिवसभर पाणी पीत असतो; निदान त्या दिवसांत तरी सुट्टीनंतरच्या सकाळी कूलरमधील साचलेले पाणी पूर्ण सोडून देऊन मगच पहिली पाळी सुरू करावी.