काल रात्री आकाशात हिरवट, लखलखीत गोळा जाताना दिसला. ती उल्का होती की आणखी काही? कुठे पडली असेल?

किती वेळ दिसला ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि सगळं तिथेच अडतं. नुसत्या रंगावरून काही ठरत नाही.

२ एप्रिल २०२२, पाडवा. आम्ही सगळे नागपूरला आईकडे. गुढी उतरवून झाली होती, पोरं गाठीवरून भांडत होती. पावणेआठच्या सुमारास भाचा ओरडला. वर बघतो तर जळत्या निखाऱ्यांची माळ! पुढे एक मोठा, मागे पाच-सहा बारके, शेपट्या सोडत, सावकाश आडवे चाललेले. बहिणीने आईला हाक मारली. आई पुऱ्या तळत होती. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले, अंगणात आली, "कुठं गं?" विचारलं आणि तिलाही दिसलं.

भाऊजी म्हणाले, उल्का. ते अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतात, त्यामुळे विषय संपला. मी म्हटलं, अहो, उल्का काय आईच्या पुऱ्या होईपर्यंत थांबते? सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने घुसते ती, एक-दोन सेकंदांत खेळ खलास. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून घसरलेल्या रॉकेट-उपग्रहांच्या कचऱ्याचा वेग आठच्या आत असतो. तो हवेला घासत, तुटत, लांबवर जातो. "तुझं कॉमर्स ना रे?" एवढंच उत्तर मिळालं. सगळे हसले. बायकोसुद्धा.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत दहाएक फूट व्यासाची धातूची रिंग पडलेली सापडली. पुढे त्याच भागात धातूचे गोळेही मिळाले. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चँग झेंग ३बी रॉकेटचे ते अवशेष, असं जाणकारांनी सांगितलं. मी बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली. भाऊजींनी अंगठा टाकला. 'चुकलो' हा शब्द आजतागायत आलेला नाही.

तर तुमचं. दोन-तीन सेकंदांत विझला असेल तर खुशाल उल्का समजा. टेकडीमागेच पडली असं प्रत्येकाला वाटतं, प्रत्यक्षात ती शंभर-दोनशे किलोमीटर लांब असू शकते. दगड उरलाच तर शेवटचे वीसेक किलोमीटर तो न चमकता अंधारातून पडतो, त्यामुळे दिसली त्या दिशेला गाडी काढून उपयोग नाही. नंतर मिनिट-दोन मिनिटांनी गडगडाट ऐकला असेल तर मात्र कळवा.

हो, अपवाद आहे. भाऊजींनीच मागच्या दिवाळीत तो शोधून आणला: १० ऑगस्ट १९७२ ला अमेरिकेतल्या युटापासून कॅनडापर्यंत भरदिवसा दीडेक मिनिट दिसलेली उल्का. मान्य. पण ती पृथ्वीला चाटून परत अवकाशात निघून गेली. आमची लाडबोरीत उतरली, भाऊजी.

पुढच्या वेळी आधी सेकंद मोजा, मोबाइल नंतर काढा. भाच्याने उशिरा काढूनही व्हिडिओ ३१ सेकंदांचा आहे. त्यात शेवटी आईचा आवाज येतो, "अजून चालूच आहे का रे ते?"