पॉवर सप्लाय तपासायला घरच्या घरी लोड टेस्टर बनवता येईल का?

तुमचा सप्लाय मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दाखवतो आणि काही जोडलं की मान टाकतो, म्हणून तुम्हाला ५ अँपिअरपर्यंतचा लोड टेस्टर, म्हणजे सप्लायमधून हवा तेवढा करंट ओढून बघणारं यंत्र, हवाय. घरी नक्की बनेल. सर्किट छोटंच आहे, डोकं खाईल ती उष्णता.

गाडीचा बल्ब लावा, असं कुणीतरी सांगेलच. पण थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या साधारण एक दशांश असतो. त्यामुळे सुरुवातीलाच करंटचा झटका बसतो आणि धडधाकट सप्लायही कधीकधी बंद पडतो.

त्यापेक्षा मॉसफेट घ्या. हा ड्रेन, सोर्स आणि गेट अशा तीन पायांचा ट्रान्झिस्टर; गेटवरच्या व्होल्टेजने त्यातला करंट कमीजास्त होतो. ड्रेन सप्लायच्या प्लसला, सोर्स ०.१ ओहमच्या रेझिस्टरमधून मायनसला. ५ अँपिअरला त्या रेझिस्टरवर ०.५ व्होल्ट पडतात आणि त्यात २.५ वॅट जिरतात, म्हणून तो १० वॅटचाच घ्या. एलएम३५८ हा ऑप-अँप (दोन व्होल्टेजमधला फरक बघणारी चिप) हे व्होल्टेज पॉटच्या (फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायच्या बटणाच्या) व्होल्टेजशी ताडून बघतो आणि गेट हवं तेवढंच उघडतो. ऑप-अँपला १२ व्होल्ट वेगळे द्या, गेटला १०० ओहम लावा.

आता मूळ दुखणं. १२ गुणिले ५, म्हणजे ६० वॅट, आणि जवळपास सगळे मॉसफेटमध्येच. आयआरएफपी२५०एन या मॉसफेटच्या डेटाशीटमधले २१४ वॅट वाचून हुरळून जाऊ नका, तो आकडा केस (मॉसफेटचं बाहेरचं कवच) २५ अंशांवर धरून ठेवली तरचा आहे. हिशोब असा: मॉसफेटच्या आतल्या चिपपासून केसपर्यंत दर वॅटला ०.७ अंश, मायका (वीज अडवणारी पातळ चकती) आणि पेस्टचे अंदाजे ०.३, पंख्यासह चांगल्या हीटसिंकचे ०.५. एकूण १.५. गुणिले ६० म्हणजे ९० अंश, वर खोलीचे ३०. चिप १२० अंशांवर. चालेल. पंखा काढलात तर नाही चालणार. मायका विसरू नका, मॉसफेटची धातूची पाठ ड्रेनलाच जोडलेली असते, नाहीतर अख्खा हीटसिंक प्लस होऊन बसेल.

एक खोड आधीच सांगतो. सप्लाय न जोडता पॉट वाढवून ठेवला, तर ऑप-अँपला करंट दिसत नाही आणि तो गेट सताड उघडतो. त्या क्षणी सप्लाय जोडलात की जवळजवळ शॉर्टच. म्हणून पॉट शून्यावर, मग जोडणी, मग हळूहळू वर. प्लसच्या वायरमध्ये फ्यूज असू द्या. व्होल्टेज मोजताना मीटरच्या पिना थेट सप्लायच्या टर्मिनलवर टेकवा. लोडकडे मोजलंत तर वायरमध्ये पडलेलं व्होल्टेज सप्लायच्या माथी माराल.