ऐकलेले उपदेश आठवत नसतील, तर ते ऐकणं वाया गेलं का?

तुम्ही विचारलंय की लहानपणी बारा वर्षं दर रविवारी चर्चमध्ये उपदेश ऐकला, आज त्यातला एकही आठवत नाही, मग तो वेळ फुकट गेला का. नाही गेला. हाच प्रश्न माझ्या मोठ्या भावाने मला वर्षानुवर्षं टोचून विचारलाय, म्हणून लिहितोय.

आम्ही नागपूरचे, सदर भागातल्या चर्चच्या मंडळीत वाढलो. कॉलेजात गेल्यावर दादाने उपासनेला येणं सोडलं. रविवारी जेवताना मला विचारायचा, "सांग बे, आज पाळकसाहेब काय बोलले?" मला धड दोन वाक्यं सांगता यायची नाहीत. "पाहा, काहीच राहत नाही," म्हणायचा.

पुढे वडिलांच्या घराच्या वाटणीवरून आमचं फाटलं. चार वर्षं बोलणं बंद. मी आईला भरीला घालून कागद करून घेतला असं त्याचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मग माझ्या मुलीला नोकरी लागली. मे महिना, सकाळीच ऊन तापलेलं. उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानायच्या दानाचं पाकीट खिशात घालून चर्चच्या फाटकाशी गाडी लावली आणि आत पाऊलच टाकवेना. कुठलं वचन आठवलं म्हणून नव्हे, नुसतं छातीवर ओझं. आत पहिलं गीत सुरू झालं होतं. गाडी फिरवली, सीताबर्डीवरून थेट अजनीला, दादाच्या दारात. त्याने माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, खिशातून डोकावणाऱ्या पाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काय बे, दान वेदीपाशी ठेवून आला का?"

मी उंबऱ्यातच रडलो.

दादाचं ते वाक्य बायबलमधल्या मत्तयाच्या 5व्या अध्यायातलं, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं आहे. दान वाहायला आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा. मला ते आठवलं नव्हतं, पाय मात्र तसेच चालले. आणि शब्द निघाले ते काहीच राहत नाही म्हणणाऱ्याच्या तोंडून!

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. याच प्रवचनाने त्यांना धरलं, 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते मोठे कवी, त्यांना शब्द न् शब्द भिडला. आपल्यासारख्यांना तो न कळत मुरतो. विसरलेलं पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलं होतं. म्हणजे आठवत नाही आणि उरलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक मात्र खरं, मुरतं ते सगळं चांगलंच असतं असं नाही. नरकाच्या आगीचे उपदेश ऐकून मी कित्येक रात्री जागलोय, ती भीतीही पूर्ण गेलेली नाही. तुमच्यात तसं काही उरलं असेल तर ते मोकळेपणाने कुणाशी तरी बोला. पण तारखा नि मुद्दे आठवत बसू नका. कुणाशी वाकडं आल्यावर आपण काय करतो, ते पाहा.

दादा अजून मानत नाही. म्हणतो, ते चर्चमध्ये नाही ऐकलं, लहानपणी आपण भांडलो की आई सांगायची. मग आई ते कुठून ऐकून आली होती?