सवाल तुमचा: 'मेमरी कुड नॉट बी रेड' म्हणून प्रोग्राम बंद पडायलेत

प्रश्न: दादा, घरचा जुना पीसी आहे, ८ जीबी रॅम, म्हणजे ४-४ च्या दोन पट्ट्या. कधी ब्राउझर, कधी टॅली, कधी पोराचा गेम, अचानक बंद पडायलेत अन् वर 'मेमरी कुड नॉट बी रेड' येतंय. दुकानवाला म्हणतो विंडोज नवं टाका. टाकू का? (परभणी)

उत्तर: ताई, थांबा जरा. एकच प्रोग्राम पडत असता तर मी पण त्यालाच काढून परत टाका म्हटलं असतं, पण तुमचे तर वेगवेगळे पडायलेत, म्हणून माझा पहिला संशय रॅमवरच, म्हणजे पीसीच्या तात्पुरत्या मेमरीवर. स्टार्टमधी 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' शोधा, रीस्टार्ट होऊन तपासणी होते, वेळ लागतो, तोवर चहा घ्या. एरर निघाली तर पीसी बंद करून प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबून ठेवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा अन् मग पट्ट्या काढा. पट्टीच्या कडेच्या पिवळ्या दातांवर साधा खोडरबर हलक्या हातानं फिरवा, चुरा झटका, पट्टी परत तिच्या खाचेत (स्लॉटमधी) खटका बसेपर्यंत दाबा. आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ अन् वर ४२ चा पारा, कॅबिनेट उघडलं की नुसता फुफाटा निघतो बघा!

तरी पडलंच तर एक-एक पट्टी लावून तपासा, जिच्यावर एरर येईल ती बदला. दोन्हीवर आली तर स्लॉट बदलून बघा, कधी कधी दोष मदरबोर्डातच, म्हणजे पट्ट्या बसतात त्या मुख्य बोर्डातच असतो. अन् टॅलीचा बॅकअप आधी पेनड्राइव्हवर घ्या, खराब रॅमनं फाइलच बिघडू शकते. विंडोज मात्र आत्ताच टाकू नका, खराब रॅमवर ते पण अर्ध्यातच अडकू शकतं.